सहाशे डॉलर, लहान हात आणि पहिलं पिस्तूल

पत्र : ह्यूस्टनजवळच्या केटीत माझं छोटं किराणा दुकान आहे. रात्री साडेदहाला एकटीच शटर ओढते आणि गल्ल्याची पिशवी घेऊन गाडीपर्यंत चालत जाते. मागच्या महिन्यात शेजारच्या दुकानदाराला पार्किंगमध्येच लुटलं. मला ग्रीन कार्ड आहे. उंची पाच फूट एक इंच, हात लहान, आणि बंदूक आजवर कधी धरलेली नाही. सगळं मिळून सहाशे डॉलर खर्च करू शकते. बंदुकीच्या दुकानात गेले तर गुलाबी मुठीचं पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर आणि तळहाताएवढं .३८० बोअरचं पिस्तूल पुढे केलं, ‘लेडीजना हेच बरं पडतं’ म्हणाले. नवरा म्हणतो, तू गल्ल्यातून पैसे दे, मी शनिवारी जाऊन घेऊन येतो. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि सासूसासरे सहा महिन्यांसाठी आलेत. कुठलं घेऊ? घरी आणि दुकानात बहुधा कुर्ता-लेगिंग्ज असते, तेही लक्षात घ्या.

उत्तर :

त्यांनी दाखवलेली दोन्ही काउंटरवरच राहू द्या. वस्तू वाईट नाहीत. बरीच वर्षं गोळीबाराची सवय असलेली माणसं दुसरं किंवा तिसरं हत्यार म्हणून ती खिशात ठेवतात. पण नवशिक्याच्या हाती देण्यासारखी ती नव्हेत, आणि त्याचं कारण साधं वजनाचं आहे. गोळी पुढे जाते तेवढाच रेटा मागे हातावर येतो. त्याच काडतुसासाठी हत्याराचं वजन निम्मं केलं, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. पर्समध्ये हलकं वाटणारं पिस्तूल रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) तळहाताला झोंबतं. दहा-बारा गोळ्यांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, मग सराव टाळतो, आणि पिस्तूल कपाटात जाऊन बसतं.

रिव्हॉल्व्हरचं गणित तर आणखी विचित्र. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या. वजन पंधरा औंसांच्या आसपास, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम. चाप ओढायला लागणारा जोर मात्र बारा पौंडांच्या घरात, म्हणजे साडेपाच किलो. एका बोटानं साडेपाच किलो ओढायचे आणि तेवढ्या वेळात सव्वाचारशे ग्रॅमची वस्तू तसूभर हलू द्यायची नाही! लहान हातात बोटाचं पहिलं पेरही चापावर नीट पोचत नाही, मग सगळा पंजा आवळला जातो आणि नळीचं तोंड खाली झुकतं. सात यार्डांवरच्या कागदावर गोळ्या पोटाखाली लागलेल्या दिसल्या तर समजावं, हेच झालं. ‘रिव्हॉल्व्हर अडकत नाही, म्हणून बायकांना सोपं’ हे वाक्य दुकानादुकानांतून ऐकू येतं. ते चालवायला सगळ्यात अवघड आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. तळहाताएवढ्या .३८० मध्ये अजून एक अडचण. नळी जेमतेम पावणेतीन इंचांची आणि काडतूस कमी दमाचं, त्यामुळे पोकळ टोकाची गोळी (लागल्यावर टोक फुलावं अशी बनवलेली) एकतर नीट उमलत नाही किंवा उमलली तर पुरेशी आत जात नाही. एफबीआयच्या चाचणीत जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरकाव बघतात. छोट्या नळीच्या .३८० मधून बऱ्याच गोळ्या तिथे कमी पडतात.

म्हणून काडतूस ९ मिमी ठरवून टाका. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांपैकी सरावाच्या गोळ्या सगळ्यात स्वस्त बहुधा याच मापात मिळतात, आणि तुमच्या बजेटात बंदुकीच्या किमतीइतकंच ते महत्त्वाचं आहे. खोक्यावर ९ मिमी लुगर, ९ मिमी पॅराबेलम, ९×१९ असं काहीही लिहिलेलं असलं तरी माल तोच. ९ मिमी मकारोव मात्र वेगळी आहे, ती चालणार नाही. (गावाकडे आजोबांची बाराबोर पाहिलेल्यांना गंमत वाटेल : भारतात ९ मिमी हा सामान्य नागरिकाला बंदी असलेला बोअर आहे, म्हणून तिकडे परवान्यावर .३२ चालतं. इथे तोच सगळ्यात सर्वसाधारण.)

बंदुकीकडे येण्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य थांबवायला हवं. ‘तू पैसे दे, मी घेऊन येतो’ हे करू नका. परवानाधारक दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि त्यात सरळ प्रश्न असतो : खरे खरेदीदार तुम्हीच का? तुमच्या पैशानं, तुमच्यासाठी, दुसऱ्यानं नाव लावून घेणं हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे, मग तो नवरा का असेना. त्यांनी स्वतःच्या पैशानं खरी भेट दिली तर चालतं. तरीही मूठ तुमच्या हातात बसायची आहे, त्यामुळे काउंटरवर तुम्हीच उभ्या राहा. ग्रीन कार्डावरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर बरोबर ठेवा आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचाच आहे ना, तेही बघा. घर बदललेलं असेल तर नवा पत्ता असलेली गाडीच्या नोंदणीसारखी सरकारी कागदपत्रं जोडता येतात. फॉर्म भरल्यावर सरकारी तपासणी होते, तीत ग्रीन कार्डवाल्यांची इमिग्रेशनची नोंदही तपासतात, म्हणून ‘डिले’ असं उत्तर आलं तर घाबरू नका. नकाराला ‘डिनाइड’ म्हणतात, ‘डिले’ म्हणजे फक्त थांबा.

सासूसासऱ्यांचा मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो. टुरिस्ट व्हिसा, स्टुडंट व्हिसा, एच-१बी हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे. अशा व्हिसावर आलेल्याला संघराज्याच्या कायद्यात बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे मोजके अपवाद सोडले, तर रेंजवर भाड्याच्या पिस्तुलातून हौसेनं दोन गोळ्या मारणंसुद्धा यात येतं. तेव्हा पाहुण्यांना फोटोपुरतंही ते हातात देऊ नका आणि लॉकबॉक्सचा (पिस्तूल ठेवायच्या कुलपाच्या पेटीचा) नंबर घरात सगळ्यांना सांगून ठेवू नका. ऑफिसातले एच-१बीवाले मित्र ‘चल, रेंजवर जाऊ’ म्हणाले तर त्यांनाही हे सांगा.

आता कुठलं. तुमच्या सहाशेत बंदुकीवर करासकट सव्वातीनशेच्या वर जाऊ नका. ह्यूस्टनकडे विक्रीकर सव्वाआठ टक्के धरायचा, म्हणजे पाटीवरची किंमत तीनशेच्या आत हवी. दुकानागणिक भाव बदलतात, पण या पट्ट्यात तीन नावं विचार करण्याजोगी आहेत.

पहिली पसंती : स्मिथ अँड वेसन एम अँड पी शील्ड, ९ मिमी, वापरलेली. २०१२ मध्ये आलेलं हे पिस्तूल लाखोंनी खपलं, त्यामुळे सेकंडहँड शेल्फवर बहुधा असतंच. मॅगझिनमध्ये (मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीत) गोळ्या एका ओळीत, सात किंवा आठ. जाडी एक इंचाच्या आत, मूठ सडपातळ, वजन एकोणीस औंसांच्या आसपास. लहान हाताला इतक्या सहज बसणारी आणि तरीही सरावाला सोसणारी पिस्तुलं या भावात फार नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या शील्ड प्लसमध्ये जवळपास त्याच जाडीत दहा आणि तेरा गोळ्या मावतात. ती सेलमध्ये सापडली तर उत्तमच, पण सहसा महाग असते. वापरलेली घेताना नळीवर कोरलेलं माप वाचा. .४० मधली शील्ड दिसायला तशीच असते, स्वस्तात मिळते आणि हात झणझणवते. स्वस्त का, ते दुसऱ्याच दिवशी कळतं.

दुसरी : टॉरस जी३सी, नवीन, अडीचशे-तीनशेच्या मध्ये. बारा गोळ्या, वजन बावीस औंस. नव्या मालात सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी हीच. एक चांगली सोय म्हणजे काडतूस फुटलं नाही तर चाप पुन्हा ओढून तेच काडतूस पुन्हा ठोकता येतं, जे या भावातल्या बहुतेक स्ट्रायकर पिस्तुलांत (बाहेर हातोडी नसलेल्या, आतल्या दांड्यानं काडतूस ठोकणाऱ्या) नसतं. उणी बाजू : चापाची सुरुवातीची चाल लांब आणि पोकळ, आणि मूठ शील्डपेक्षा जाड. टॉरसचं नाव काढलं की काही जण नाक मुरडतात. त्याला पूर्वपीठिका आहे. पीटी-१११ मिलेनियमसारख्या काही जुन्या मॉडेलांबाबत, पडल्यावर गोळी सुटते अशा तक्रारींवरून सामूहिक दावा आणि तडजोड झाली होती. ती जुनी मॉडेलं सेकंडहँडमध्ये कितीही स्वस्त दिसली तरी सोडून द्या. जी३सी ही वेगळी आणि नंतरची रचना आहे.

तिसरी रुगर मॅक्स-९. साडेअठरा औंसांची, दहा आणि बारा गोळ्यांची, पुढची माशी (नेम धरायची खूण) अंधारातही चमकणारी. पण ती तीनशे पन्नासच्या आसपास रेंगाळते, सेलची वाट बघावी लागेल. रुगरचीच ईसी९एस आणखी स्वस्त आहे, फक्त तिच्या माशा स्लाइडमध्येच (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागात) कोरलेल्या असतात, पुढे बदलता येत नाहीत. हाय-पॉइंट? चालतं, पण जवळजवळ दोन पौंडांचा ठोकळा आहे. कुर्त्याखाली नाही.

आणि स्लाइडच ओढता आली नाही तर या सगळ्याला अर्थ नाही. म्हणून काउंटरवरची परीक्षा.

आधी विक्रेत्याला पिस्तूल उघडून, मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं आहे हे तुम्हाला दाखवायला सांगा, मग स्वतः बोट घालून खात्री करा. अंगठा आणि तर्जनीमधला बेचका मुठीच्या मागच्या बाजूला जितका वर जाईल तितका चढवा. नळी कोपरापर्यंतच्या हाडाच्या रेषेत यायला हवी. ती तिरपी राहिली तर मूठ तुमच्यासाठी मोठी आहे. तर्जनीचं पहिलं पेर चापाच्या मधोमध आरामात पोचलं पाहिजे. मग स्लाइड. बहुतेक जणी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे खेचायला बघतात आणि ‘माझ्यात जोर नाही’ म्हणून हार मानतात. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी सुरक्षित दिशेला. डावा पंजा स्लाइडवर वरून टाका, चारी बोटं एका बाजूला आणि तळव्याची टाच दुसऱ्या बाजूला. डावा हात जागच्या जागी घट्ट ठेवा आणि उजव्या हातानं मूठ जोरात पुढे ढकला. खांदा आणि पाठ कामाला लागतात, मनगटाला एकट्याला ओझं होत नाही. शेवटी सोडून द्या, हातानं हळूच पुढे नेऊ नका. अर्धवट सोबत गेलेल्या स्लाइडमुळे काडतूस पूर्ण बसत नाही, आणि नवशिक्यांचं ‘पिस्तूल अडकलं’ म्हणजे पुष्कळदा एवढंच असतं. हे पाच वेळा सलग जमलं पाहिजे. पहिल्या वेळेला जमलं आणि पाचव्याला नाही, तर ते पिस्तूल तुमचं नव्हे.

सलग पाच वेळा जमत नसेल तर शील्ड ईझी बघा. नावातच सोपेपणा आहे : स्लाइडची स्प्रिंग मऊ, मॅगझिन भरायला बाजूला खटका, आठ गोळ्या. ही २०१८ मध्ये .३८० मध्ये आली आणि २०२० मध्ये ९ मिमीत. मोठी आहे, महागही, पण संधिवात असलेल्या हातांनाही जमते. वापरलेली घेत असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून बघा. २०२० मध्ये बनलेल्या काही ईझींचा हॅमर (आतली ठोकणारी हातोडी) बदलून देण्यासाठी कंपनीनं त्या परत मागवल्या होत्या. ही निवडलीत तर दोन महिने थांबून पैसे साठवा. होल्स्टर (पिस्तूल अंगावर ठेवायचं म्यान) कमी करून पैसे काढू नका.

परवानगी घेऊन रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून बघा. पुढच्या माशीवर नजर ठेवा. चाप सुटताना माशी टुणकन खाली गेली तर अजून दोन-तीन वेळा हळू ओढा. तरीही जात राहिली तर तो चाप तुम्हाला जड आहे. शेवटी अंगठ्यानं मॅगझिनचं बटण दाबता येतं का ते पाहा. एवढं झालं की त्याच दिवशी पैसे देऊ नका. ह्यूस्टन भागात पिस्तूल भाड्यानं देणाऱ्या रेंज बऱ्याच आहेत. यांपैकी दोन भाड्यानं घ्या आणि प्रत्येकी पन्नास गोळ्या मारा. तिसाव्या गोळीला हात काय म्हणतो ते ऐका, पहिल्या पाचांना सगळीच बरी वाटतात.

बाकीच्या पैशांचं असं बसतं : चांगला कडक होल्स्टर ६०–७०, केबल असलेला स्टीलचा लॉकबॉक्स ४५, सरावाच्या अडीचशे गोळ्या ७०, पोकळ टोकाच्या वीस-वीसच्या दोन पेट्या ४५–५०, कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा २५. करासकट बंदूक सव्वातीनशे धरली तर बेरीज सहाशेच्या खाली-वर येते. परवान्याचा (तो कशाला, ते पुढे येतंच) वर्ग आणि फी पुढच्या महिन्यात.

होल्स्टरवर थोडं थांबू, कारण पहिल्यांदा घेणाऱ्यांचे अपघात इथेही होतात. कापडी, ‘सगळ्या मॉडेलांना बसणारा’ पंधरा डॉलरचा होल्स्टर घेऊ नका. तो दाबला की चापावर दाब येतो, आणि पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं. कायडेक्सचा (एक कडक प्लास्टिक), तुमच्याच मॉडेलच्या साच्यावर बनवलेला, चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारा हवा. पिस्तूल घालताना टक्‌ असा आवाज येतो आणि उलटं करून हलवलं तरी पडत नाही, असा. लेगिंग्जला पट्टा चालत नाही, म्हणून कमरेला स्वतंत्र बांधायची चौकट किंवा रुंद पोटपट्टा घ्या. पोटपट्टा घेतला तर त्यातही चाप झाकणारं कायडेक्सचं कवच हवंच, नुसत्या इलॅस्टिकच्या कप्प्यात पिस्तूल ठेवायचं नाही.

कुर्ता लपवायला फार छान, पिस्तूल काढायला तितकाच त्रासदायक. बाजूचा कट मुठीत अडकतो. डाव्या हातानं समोरचा घोळ मूठभर धरून थेट छातीपर्यंत वर ओढायचा, मगच उजवा हात मुठीकडे. रिकाम्या पिस्तुलानं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा वेळा हे करा. खरा धोका मात्र परत ठेवताना आहे. ओढणीचं टोक, लेगिंग्जची नाडी किंवा कुर्त्याची शिवण होल्स्टरच्या तोंडात गेली आणि वरून पिस्तूल दाबलं, की कापडच चाप ओढतं. स्ट्रायकर पिस्तुलाला ते बोट आहे की नाडी, कळत नाही. म्हणून काढताना घाई चालेल, ठेवताना कधीच नाही : ओढणी खांद्यावरून काढून बाजूला, नजर खाली, होल्स्टरचं तोंड रिकामं दिसलं की मग सावकाश. त्याहून बरं, सकाळी पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून होल्स्टरच कमरेला चढवा आणि रात्री दोन्ही एकत्रच काढून लॉकबॉक्समध्ये ठेवा.

पर्समध्ये नको. पर्स हिसकावली जाते, ट्रॉलीत विसरते, आणि नऊ वर्षांचा मुलगा गाडीत च्युइंगगम शोधायला तिच्यातच हात घालतो. टेक्सासच्या दंडसंहितेचं ४६.१३ हे कलम सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देण्याबद्दलच आहे. लॉकबॉक्स घरी केबलनं पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. नंबर मुलाची किंवा तुमची जन्मतारीख नको.

रात्री काढून ठेवताना गोळी चेंबरमधून काढायची आणि सकाळी पुन्हा भरायची सवय लावू नका. तेच काडतूस रोज स्लाइडखाली ठोकलं गेलं की टोक हळूहळू केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) आत सरकतं. आतली जागा कमी होते, बार उडताना दाब नको इतका वाढतो. काही कारणानं उतरवावंच लागलं तर ते काडतूस पेटीतल्या नव्याशेजारी सपाट टेबलावर उभं करून डोळे त्यांच्या पातळीला आणा. नखाच्या जाडीइतकंही आखूड दिसलं तर बाजूला टाका.

पिस्तूल घरी आल्यावर पुसा, तेलाचे दोन थेंब स्लाइडच्या रुळांवर, आणि दोनशे सरावाच्या गोळ्या मारा. खर्च जिवावर येतो, पण याच दोनशेंत ते विश्वासाचं आहे की नाही ठरतं. पहिल्या पन्नासांत एखादी अडचण चालेल, शेवटच्या शंभरात एकही नको. त्यानंतर पोकळ टोकाच्या एका पेटीतल्या वीस गोळ्या : १२४ किंवा १४७ ग्रेन (खोक्यावर लिहिलेलं गोळीचं वजन), स्पीअर गोल्ड डॉट किंवा फेडरल एचएसटी. त्या सगळ्या न अडखळता गेल्या तर दुसरी पेटी अंगावर बाळगायची.

रिकामं केस धुरांड्यासारखं उभं अडकलं तर पुष्कळदा दोष मनगटाचा असतो. मनगट ढिलं राहिलं की स्लाइडला मागे जायला टेकू मिळत नाही. डाव्या हाताची पकड उजव्यापेक्षा घट्ट करा. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नसेल तर तुमचा उजवा अंगठा खटक्यावर विसावलाय, तो थोडा वर न्या. डावा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच आडवा नको, मागे येताना ती कातडं सोलून नेते. चाप ओढला आणि नुसतं टिक झालं? मॅगझिन पूर्ण बसलं नसणार. नळी समोर धरून तळव्यानं खालून थाप द्या, स्लाइड ओढा, पुन्हा नेम. थाप-ओढ हे दोन शब्द पाठ झाले पाहिजेत. हे सगळं करूनही दोनशे गोळ्यांत तीन-चारदा अडकत असेल, तर आधी मॅगझिन बदलून पाहा. मुठीतल्या पिस्तुलाला शिव्या घालण्यापूर्वी वाकलेलं मॅगझिन तपासावं.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, ग्रीन कार्डवाल्यालाही. तरी तुम्ही लायसन्स टू कॅरी (पिस्तूल बाळगायचा राज्याचा परवाना) काढा, आणि कारण तुमच्या घरातच आहे : मुलाची शाळा. शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर संघराज्याचा स्वतंत्र कायदा आहे. राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे, नुसत्या परवानाविरहित हक्काला नाही. रोज सकाळी शाळेसमोरून गाडी नेणाऱ्या बाईला परवान्याच्या फीचे चाळीस डॉलर फार नव्हेत. शाळेच्या इमारतीत तर परवाना असूनही न्यायचं नाही, पोस्टातही नाही. वर्ग चार ते सहा तासांचा असतो. परीक्षेला पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुणांना पास. शील्डनं आणि दोनशे गोळ्यांच्या सरावानं ते होतं, गुलाबी रिव्हॉल्व्हर रडवतं. दारावर ३०.०६ ची पाटी दिसली तर लपवलेलं पिस्तूलही आत न्यायचं नाही. मंदिराच्या आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाच्या दारावरही बघा. पोलिसानं गाडी थांबवली तर हात स्टीअरिंगवर ठेवा, ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर पिस्तुलाचा परवाना द्या आणि पिस्तूल कुठे आहे ते तोंडानं सांगा. तिकडे बोट दाखवायलाही हात हलवू नका.

गल्ल्याबद्दल. कोणी पैसे मागितले तर पैसे द्या. पिस्तूल पिशवीसाठी नाही आणि पळणाऱ्याच्या मागे धावण्यासाठी तर मुळीच नाही. गल्ल्यातले पैसे वाचवायला वकिलावर त्याच्या कितीतरी पट जातील. रोज साडेदहाला त्याच दारानं तीच पिशवी नेणं आधी मोडा : पैसे दुकानातल्या ड्रॉप सेफमध्ये (फटीतून पैसे आत टाकायच्या तिजोरीत) टाका, दिवसा, वेगवेगळ्या वेळी बँकेत न्या, आणि गाडी दाराच्या दिव्याखाली लावा. बराच धोका एवढ्यानंच कमी होतो.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी. रेंजला न्यायची पिशवी वेगळी घ्या आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नका. नाहीतर तीच बॅकपॅक डिसेंबरात मुंबईला नेली जाते, आतल्या शिवणीत एक काडतूस राहिलेलं असतं, आणि परतताना विमानतळावरच्या एक्स-रेत ते पितळेचं बोट स्वच्छ दिसतं. तिथे एका जिवंत काडतुसावरही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, विमान तर सुटतंच. प्रवासाच्या आदल्या रात्री घरातली प्रत्येक पिशवी उलटी करून झटका, खिसे बाहेर काढा, आणि अस्तर फाटलं असेल तर तिथे बोट घालून चाचपा.